‘स्वच्छ’ की ‘स्थिर’? म्यानमारमधला चौथा प्रयोग

फेब्रुवारी १९६० मध्ये बर्मात निवडणूक झाली तेव्हा मतदारापुढे एकाच पक्षाचे दोन तुकडे उभे होते. स्वातंत्र्यापासून राज्य करणारा पक्ष १९५८ मध्ये फुटला होता. पंतप्रधान ऊ नू यांचा गट स्वतःला ‘स्वच्छ’ म्हणवत होता, तर विरोधी गट ‘स्थिर’. लष्कराचा कल ‘स्थिर’कडे आहे, हे रंगूनमध्ये कुणापासून लपलेले नव्हते. मतदारांनी ‘स्वच्छ’च्या पदरात भरभरून मते टाकली. दोनच वर्षांनी, २ मार्च १९६२ च्या पहाटे, जनरल ने विन यांनी सत्ता ताब्यात घेतली आणि पुढची जवळजवळ पन्नास वर्षे तो देश या ना त्या रूपात लष्कराच्याच हाताखाली राहिला.

‘वर्षभर मिलिटरीच्या ताब्यात द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील’ हे वाक्य आपल्याकडे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत कुठेही ऐकू येते. म्यानमारमध्ये हे औषध चार वेळा देऊन झाले आहे: १९५८, १९६२, १९८८ आणि २०२१. इथे तपासायचा आहे तो चौथा प्रयोग. पण रोग्याची जुनी फाइल उघडल्याशिवाय तो कळत नाही.

आपल्याला हा देश मंडालेच्या तुरुंगामुळे आणि रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे माहीत असतो. टिळक तिथे सहा वर्षे होते, त्यांचा राजा इथे तीस. आजचा धागा मात्र स्वयंपाकघरातला आहे. डाळीच्या बाजारात ‘लेमन’ म्हणून जी तूर ओळखली जाते ती बर्मातून येते, आणि आपण आयात करतो त्या उडदातला सर्वांत मोठा हिस्साही तिथलाच. या तुरीकडे पुन्हा यायचे आहे.

गोड लागलेला पहिला डोस

१९५८ चा प्रयोग मुद्दाम आधी घेतो, कारण लष्कराच्या बाजूने बोलण्यासारखे जे काही आहे ते इथेच आहे. पक्ष फुटला, सरकार डळमळले, डोंगराळ भागात बंडे चालूच होती. ऊ नू यांनी स्वतःहून, संसदेच्या संमतीने, ने विन यांच्या हाती कारभार दिला. काळजीवाहू सरकार म्हणून. अठरा महिन्यांत रंगूनमधल्या झोपड्या उठवून लोकांना ओक्कलापा, ताकेटा अशा नव्या वसाहतींत हलवले गेले, रस्ते झाडले गेले, कारभाराला शिस्त आली. आणि शेवटी निवडणूक घेऊन सैन्य बराकीत परतले. परदेशी वार्ताहरांनी कौतुक केले, आणि ते सगळेच खोटे नव्हते.

अडचण अशी झाली की सैन्याला स्वतःच्या कामाची चव लागली. गळके छप्पर दुरुस्त करायला बोलावलेल्या गवंड्याने घर आतून पाहून घेतले आणि दोन वर्षांनी बिऱ्हाड घेऊन आला.

१९६२ च्या सत्तांतराचे कारण ‘संघराज्य फुटू नये’ असे दिले गेले. १९४७ च्या घटनेने शान आणि करेन्नी या राज्यांना दहा वर्षांनी संघातून बाहेर पडण्याचा हक्क दिला होता. हक्क कागदावर होता. शान पुढाऱ्यांना हवी होती ती खरी संघराज्य पद्धत, आणि सत्तांतराच्या त्या आठवड्यात रंगूनमध्ये त्यावरच चर्चासत्र चालू होते. देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे ताइक यांना त्या पहाटे अटक झाली, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा घरीच गोळी लागून गेला आणि ते स्वतः त्याच वर्षी कैदेत वारले. म्हणजे ज्या वादाची उत्तरे सभागृहात शोधली जात होती, तो वाद थेट रानात ढकलला गेला. शान आणि काचिन भागांतली मोठी सशस्त्र बंडे याच काळात पेटली.

जुलैत विद्यापीठात निदर्शने झाली. सैन्याने गोळीबार केला आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंग लावून उडवली. निदान शांतता तरी झाली, असे कुणी म्हणू शकेल.

पंचेचाळीसची नोट

हे स्थैर्य आतून कसे दिसत होते ते एका नोटेवर वाचता येते. ५ सप्टेंबर १९८७ रोजी सरकारने २५, ३५ आणि ७५ क्याटच्या नोटा रद्द केल्या. बदलून देण्याची सोय नाही, भरपाई नाही. रांगा लावायलासुद्धा जागा नव्हती, कारण रांग लावून मिळणारच काही नव्हते. चलनातला मोठा हिस्सा एका दिवसात रद्दी झाला. मग नव्या नोटा आल्या त्या ४५ आणि ९० क्याटच्या. दोन्ही आकड्यांना ९ ने भाग जातो, आणि ने विन यांचा नऊ या आकड्यावर फार विश्वास होता. वाण्याकडे गेल्यावर ४५ ची नोट देऊन सुट्टे घेताना त्या लोकांनी डोक्यात काय गणिते केली असतील कोण जाणे.

त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांनी बर्माचे नाव सर्वांत मागास देशांच्या यादीत घातले. दुसऱ्या महायुद्धाआधी जगात सर्वाधिक तांदूळ निर्यात करणारा देश तो!

मार्च १९८८ मध्ये रंगूनच्या एका चहाच्या दुकानात कुठली कॅसेट लावायची यावरून विद्यार्थी आणि गावातल्या पोरांची मारामारी झाली. पोलिसांनी ती ज्या पद्धतीने हाताळली त्यातून आंदोलन उसळले, आणि ८ ऑगस्टला, म्हणजे ८-८-८८ ला, सारा देश रस्त्यावर उतरला. कॅसेटवरून राज्य हलते तेव्हा ते आधीच किती पोकळ झालेले असेल! १८ सप्टेंबरला सैन्याने रक्तपात करून सत्ता पुन्हा घेतली. नव्या मंडळाचे नाव होते राज्य कायदा-सुव्यवस्था पुनर्स्थापना परिषद. १९९७ मध्ये ते बदलून राज्य शांतता व विकास परिषद झाले. या देशात पाट्यांची कधी टंचाई पडली नाही.

१९९० मध्ये याच परिषदेने निवडणूक घेतली. आंग सान स्यू ची नजरकैदेत असूनही त्यांच्या एनएलडी पक्षाला ४८५ पैकी ३९२ जागा मिळाल्या, तर लष्कराच्या मर्जीतल्या पक्षाला १०. निकाल कपाटात गेला.

त्या काळातले एक काम मात्र जमेला धरले पाहिजे. गुप्तचरप्रमुख खिन न्यून्ट यांनी १९८९ पासून एकेका बंडखोर गटाशी शस्त्रसंधी केली. काचिन स्वातंत्र्य संघटनेशी १९९४ मध्ये झाली आणि सतरा वर्षे टिकली. तिथल्या खेड्यांना याचे मोल आपल्यापेक्षा जास्त कळते. पण या संधी बंदुका थांबवण्यापुरत्या होत्या. गटांनी शस्त्रे ठेवली, इलाखे ठेवले, हिरवा जेड दगड, सागवान आणि अफू यांचा पैसा वाटून घेतला गेला. कुणाचा काय हक्क, हा मूळ दावा तारीख पे तारीख पुढेच जात राहिला.

स्वतःच्या मापाने शिवलेली घटना

चौथ्या प्रयोगाचे मर्म २००८ च्या घटनेत आहे. मे २००८ च्या सुरुवातीला नर्गिस चक्रीवादळाने इरावदीच्या त्रिभुज प्रदेशात सुमारे १,३८,००० माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. प्रेते पाण्यात असताना, १० मे रोजी, बहुतेक देशात घटनेवर सार्वमत घेतले गेले. वादळाच्या तडाख्यातल्या भागांना दोन आठवड्यांची सवलत मिळाली. सरकारी आकडा ९२ टक्क्यांहून अधिक पसंतीचा.

घटना बारकाईने वाचली की शिवणाऱ्याचे कौतुक वाटते. दोन्ही सभागृहांत मिळून ६६४ जागा, त्यांपैकी १६६ गणवेशातल्या नेमणुकीच्या. घटनादुरुस्तीला ७५ टक्क्यांहून अधिक मते हवीत, म्हणजे निवडून आलेला एकूण एक सदस्य एकत्र आला तरी निदान एका सैनिकाची मान डोलावी लागणार. संरक्षण, गृह आणि सीमा ही तीन खाती सरसेनापतीच्या माणसांकडे. सैन्याच्या कारभारात आणि न्यायात नागरी सरकारचा हात नाही. ज्याची मुले वा जोडीदार परदेशी नागरिक, त्याला राष्ट्राध्यक्ष होता येणार नाही. स्यू ची यांची मुले ब्रिटिश. शिवाय बिअरपासून बँकेपर्यंत पसरलेल्या दोन लष्करी उद्योगसमूहांना धक्का नाही.

आता या घटनेत लष्कराला कशाची भीती होती? कशाचीच नव्हती. इथे प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा थांबतो. २०११ ते २०२० हा काळ सैन्याच्या दृष्टीने सर्वांत सुखाचा होता. निर्बंध उठले, परदेशी पैसा आला, जो मोबाइल सिम कधीकाळी श्रीमंतांनाच परवडायचा तो २०१४ मध्ये दीड डॉलरला मिळू लागला. शिव्या खायला निवडून आलेले सरकार होते आणि चाव्या सैन्याच्या खिशात.

२०१७ मध्ये सैन्याच्या मोहिमेमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळाले, तेव्हा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात देशाच्या बचावाला डिसेंबर २०१९ मध्ये कोण उभे राहिले? नोबेल मिळवलेल्या स्यू ची. सैन्याला याहून चांगला वकील कुठे मिळाला असता?

लोकशाहीवाल्यांचाही हिशेब इथे मांडायला हवा, नाहीतर हा लेख आरतीच होईल. या काळात निवडून सत्तेवर आलेल्या एनएलडी सरकारने अल्पसंख्य जमातींच्या पक्षांना फारसे विचारले नाही. कयाह राज्यात लोइकॉ इथे स्वातंत्र्यलढ्याचे नेते आणि स्यू ची यांचे वडील जनरल आंग सान यांचा पुतळा स्थानिकांच्या विरोधाला न जुमानता बसवला आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये निदर्शकांवर रबरी गोळ्या झाडल्या. राखाइनमध्ये त्याच वर्षी इंटरनेट बंद केले ते महिनोन्‌महिने. २०२० च्या निवडणुकीत तिथल्या बऱ्याच भागांत सुरक्षेचे कारण देऊन मतदानच रद्द केले. रंगूनच्या दृष्टीने लोकशाही आली होती. राखाइनच्या राजधानीतून, सित्वेहून, पाहणाऱ्याला फक्त साहेब बदललेला दिसला.

तरी एक गोष्ट सैन्याला बोचत होती. एनएलडी घटना बदलू शकत नव्हती, पण तिच्या फटींतून हात घालायला शिकली होती. राष्ट्राध्यक्षपद बंद, तर ‘राज्य सल्लागार’ असे नवे पद काढून स्यू ची यांना तिथे बसवले. ही युक्ती ज्यांची मानली जाते त्या वकील को नी यांना जानेवारी २०१७ मध्ये रंगूनच्या विमानतळाबाहेर, नातू कडेवर असताना, डोक्यात गोळी घालून मारले गेले. मारेकऱ्याच्या मागे धावलेला टॅक्सीवालाही मारला गेला. २०१८ च्या अखेरीस सामान्य प्रशासन विभाग, म्हणजे आपल्याकडच्या तहसील कचेऱ्यांसारखे गावोगाव पसरलेले जाळे, गृह खात्यातून काढून नागरी सरकारकडे आणला गेला. २०२० च्या सुरुवातीला लष्करी जागा २५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने ५ टक्क्यांवर आणण्याचा प्रस्ताव मांडला. तो पडणार होताच, पडला. पण मांडला गेला.

एकशे सदुसष्टचे गणित

सरसेनापती मिन आंग लाइंग यांना जुलै २०२१ मध्ये ६५ वर्षे पूर्ण होऊन निवृत्त व्हायचे होते. राष्ट्राध्यक्ष होण्याची वाट कायद्यातच होती. सैन्याच्या १६६ मतांत आणखी १६७ मिळाली की बहुमत. म्हणजे लष्करपुरस्कृत यूएसडीपी पक्षाने लोकनियुक्त जागांपैकी एक तृतीयांशाहून जरा जास्त जरी जिंकल्या असत्या, तरी रणगाड्याशिवाय काम झाले असते. ८ नोव्हेंबर २०२० च्या निवडणुकीत ४७६ जागांपैकी एनएलडीला ३९६ मिळाल्या, यूएसडीपीला ३३.

मग मतदारयाद्यांत लाखोंच्या घोळाचे आरोप सुरू झाले. निवडणूक आयोगाने ते फेटाळले, देशी-परदेशी निरीक्षकांनाही निकाल उलटावा असे काही दिसले नव्हते. जानेवारीच्या शेवटी दोन्ही बाजूंची बोलणी फिसकटली. १ फेब्रुवारी २०२१ ला नवी संसद भरायची होती. त्याच पहाटे राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट आणि स्यू ची यांना अटक झाली. सैन्याने नेमलेले उपराष्ट्राध्यक्ष हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी आणीबाणी पुकारली आणि सगळे अधिकार सरसेनापतीला दिले. स्वतःच लिहिलेल्या घटनेचाच आधार घेऊन. स्यू ची यांच्यावर पहिला आरोप बेकायदा वॉकीटॉकी बाळगल्याचा होता.

त्या सकाळचा एक व्हिडिओ जगभर फिरला. नव्या राजधानीत, नेपिडॉमध्ये, एक बाई रोजच्यासारखी एरोबिक्सचे चित्रीकरण करते आहे आणि तिच्या पाठीमागे रुंद, रिकाम्या रस्त्यावरून काळ्या गाड्यांचा ताफा संसदेकडे जातो आहे. सैन्याची अपेक्षा बहुधा अशीच होती: ताफा जाईल, लोक आपापली कामे करत राहतील.

दुसऱ्या रात्री आठ वाजता रंगूनच्या गॅलऱ्यांमध्ये पातेली आणि झाकणे वाजू लागली. भुते घालवण्याची ती जुनी रीत. पाठोपाठ सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांनी काम थांबवले, मग बँका, रेल्वे, शाळा. दहा वर्षे खुल्या देशात वाढलेली ही पिढी होती. ४५ च्या नोटेच्या काळातली लोकांची गप्प राहण्याची सवय तिला नव्हती. सैन्याच्या कंपनीची बिअर दुकानांच्या फळीवर पडून राहिली. २७ मार्चला, सेनादिनी, एका दिवसात शंभराहून अधिक माणसे मारली गेली. तिथून शहरातली पोरे जंगलात गेली, आणि ज्या करेन, काचिन, चिन गटांना त्यांचे आईबाप ‘फुटीर’ म्हणत आले त्यांच्याकडे बंदूक शिकू लागली.

ताळेबंद

आता सैन्याचाच निकष लावून पाहू: देश एकसंध आणि शांत राहिला का?

२७ ऑक्टोबर २०२३ रोजी तीन सशस्त्र गटांनी उत्तर शान राज्यात एकत्र हल्ला केला. ठाण्यांमागून ठाणी पडली. ३ ऑगस्ट २०२४ ला लाशिओ हातचे गेले. एखाद्या प्रादेशिक लष्करी मुख्यालयाचा असा पाडाव त्या सैन्याच्या इतिहासात पहिलाच. डिसेंबरमध्ये राखाइनमधले आन इथले मुख्यालय गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती लागू करावी लागली आणि तरुणांनी थायलंडची वाट धरली. ३० लाखांहून अधिक लोक देशातल्या देशात बेघर आहेत. सत्तांतराआधी डॉलरला १,३०० च्या घरात असलेला क्याट खुल्या बाजारात ४,००० च्या पलीकडे गेला. २०२३ मध्ये अफूच्या उत्पादनात म्यानमारने अफगाणिस्तानला मागे टाकले. थाई सीमेवरच्या म्यावाडी भागात ऑनलाइन फसवणुकीचे कारखाने उभे राहिले. नोकरीच्या आमिषाने तिथे अडकलेल्या साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

लाशिओ एप्रिल २०२५ मध्ये सैन्याला परत मिळाले, पण ते लढून नव्हे. चीनने बंडखोरांच्या मुसक्या आवळल्या म्हणून. बंगालच्या उपसागरापासून युनानपर्यंत गेलेल्या तेल-वायूच्या नळांना नेपिडॉमध्ये कुणीतरी एक मालक लागतो, एवढाच चीनचा स्थैर्याचा अर्थ.

आपलाही फार वेगळा नाही. १९९३ सालचा नेहरू पुरस्कार आपण स्यू ची यांना दिला होता, आणि पुढे ईशान्य सीमेवरची बंडखोरी व राखाइनमधून मिझोरामला जोडणाऱ्या कलादान मार्गाचा प्रकल्प यांसाठी जनरलांशी जुळवून घेतले. जून २०२१ मध्ये, रस्त्यावरचे रक्त वाळले नसताना, भारताने म्यानमारशी पाच वर्षांचा करार केला: दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर. दिल्लीला दोष देणे सोपे आहे. पण त्या मोसमात तुरडाळ महागली असती तर पहिली बोंब आपणच मारली असती. मिझोरामने मात्र दिल्लीच्या सूचना बाजूला ठेवून म्यानमारमधून आलेल्या चिन जमातीच्या हजारो निर्वासितांना घरात घेतले, नात्यातलेच लोक म्हणून.

या प्रकरणावर माझे मत एवढेच. म्यानमारमध्ये अस्थैर्याची मुळे निवडणुकांत कधीच नव्हती. ती संघराज्यात कुणाचा किती वाटा या जुन्या भांडणात आहेत. १९४७ मध्ये शान भागातल्या पांगलाँगला आंग सान यांनी त्या बोलण्याची सुरुवात केली आणि पाच महिन्यांत त्यांचा खून झाला. निवडून आलेल्यांनी ते भांडण मिटवले नाही. सैन्याने ते तीनदा मिटवू दिले नाही, आणि चौथ्या खेपेस तर स्वतःच्या हाताने बांधलेली, स्वतःच्याच फायद्याची व्यवस्था एका माणसाच्या निवृत्तीच्या तारखेपायी मोडली.

३१ जुलै २०२५ ला आणीबाणी उठली, मंडळाची पाटी पुन्हा बदलली आणि २८ डिसेंबरपासून टप्प्याटप्प्याने मतदान झाले. एनएलडी २०२३ मध्येच विसर्जित केलेला होता. ३३० पैकी साठाहून अधिक तालुक्यांत मतदान घेताच आले नाही. निवडणुकीवर टीका करणाऱ्याला तुरुंगाची तरतूद करणारा कायदा आधीच झाला होता. या वेळी पहिल्यांदाच मतदानयंत्रे आणली होती. कागदी मतपत्रिका निदान कोरी टाकता येते किंवा तिच्यावर रेघोट्या ओढता येतात. या यंत्रात मत बाद करायची सोय नव्हती. एक तरी बटण दाबल्याशिवाय मतदान पुरे होत नव्हते.